आफ्रिकेत एचआयव्हीसोबत जगणाऱ्या पोरापोरींचा ग्रुप सुरू करायचाय? मग कशापासून सुरुवात करायची ते वाचा

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय जे नोकरीला, शिकवायला नाहीतर व्हॉलंटियर म्हणून नैरोबी, हरारे, कंपाला, लुसाका अशा शहरांत जातात, तिथल्या शाळेत किंवा क्लिनिकमध्ये पोरांशी ओळख होते, आणि हळूहळू कळतं की यातली काही पोरं जन्मापासून एचआयव्ही घेऊन जगतायत, रोज गोळी घेतायत आणि रोज ती लपवतायत. मग वाटतं आपण काहीतरी करावं. जरूर करावं. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, की 'मी पॉझिटिव्ह आहे' असं चारचौघात सांगणं ही या कामातली शेवटची पायरी आहे, पहिली नाही. आपण बाहेरची माणसं नेमकं उलटं करतो, कारण स्टेजवरचं बोलणं दिसतं, त्याचा फोटो निघतो, रिपोर्टमध्ये लावता येतो.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते. ज्या ग्रुपला मी मदत करायचे त्यातल्या सतरा वर्षांच्या एका मुलीला मी शाळेच्या कार्यक्रमात बोलायला तयार केलं. ती हो म्हणाली, पण मला नाही म्हणणं तिला जमलं नसतं हे मला तेव्हा कळलं नाही. बोलली ती छान, टाळ्याही पडल्या, आणि त्याच संध्याकाळी हॉस्टेलमधल्या मुलींनी तिची बादली वेगळी ठेवली. त्यानंतर कित्येक महिने ती ग्रुपकडे फिरकली नाही. तिला परत कोणी आणलं ते पुढे सांगते, पण ते मी नव्हते एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आधी कान उघडे ठेवा

आफ्रिका म्हणजे एक देश नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण काम सुरू केलं की विसरायला होतं. प्रत्येक ठिकाणी या आजाराला वेगळा शब्द आहे आणि कलंक त्या शब्दातच राहतो. युगांडात ऐंशीच्या दशकात लोक 'स्लिम' म्हणायचे, कारण माणूस वाळून जायचा. दक्षिण आफ्रिकेच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे शहरांच्या कडेच्या काळ्या लोकांच्या वस्त्यांत, 'झी-थ्री' म्हणायचे, बीएमडब्ल्यूच्या गाडीचं नाव, म्हणजे भर रस्त्यात कोणाबद्दल बोललं तरी त्या माणसाला कळू नये. स्वाहिलीत 'उकिम्वी' म्हणजे एड्स, एचआयव्हीची शेवटची अवस्था, नुसत्या एचआयव्हीला खरं तर 'व्हीव्हीयू' हा वेगळा शब्द आहे, पण बोलताना लोक सगळ्यालाच उकिम्वी म्हणून टाकतात, त्यामुळे जो पोरगा गोळ्या घेऊन ठणठणीत आहे त्याच्या कानावरही एड्सच पडतो.

म्हणून पहिल्या एकदोन भेटींत पोरांना एक कागद द्या आणि आपल्याबद्दल काय काय शब्द ऐकलेत ते लिहायला सांगा, नाव न टाकता. सगळे कागद एकत्र करून मोठ्याने वाचा. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात, मग कोणीतरी म्हणतं की हा शब्द माझी मावशी वापरते. तिथून खरं बोलणं सुरू होतं. शेवटी त्यांनाच विचारा, तुम्हाला काय म्हटलेलं चालेल. झिंबाब्वेच्या राजधानीत, हरारेत, २००४ मध्ये काही पॉझिटिव्ह मुलामुलींनीच आम्हाला भेटायला जागा हवी म्हणून हट्ट धरला आणि त्यातून जो ग्रुप उभा राहिला त्याचं नाव 'झ्वांदिरी', शोना भाषेत अर्थ होतो 'मी आहे तशी, मी आहे तसा'. दक्षिण आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात २००२ मध्ये 'कामी' नावाची पाच वर्षांची एक पॉझिटिव्ह बाहुली आली, तिचं नावही त्स्वाना भाषेतल्या 'स्वीकार' या अर्थाच्या शब्दावरून घेतलंय. नाव पोरांच्या भाषेतलं आणि पोरांनी निवडलेलं असू द्या. तुमच्या संस्थेचं नाव त्यावर चिकटवू नका.

खोली, वेळ आणि दारावरची पाटी

पाटी लावायची नाही. 'एचआयव्ही युथ ग्रुप' असा कागद दारावर लावला की त्या दारातून आत जाणं म्हणजेच जाहीर करणं. बोत्सवानात गाबोरोनेच्या बेलर मुलांच्या क्लिनिकमध्ये २००५ पासून जे भेटणं सुरू झालं त्याला साधं 'टीन क्लब' म्हणतात, नंतर ते मलावी आणि आजूबाजूच्या देशांतही पसरलं. बाहेरच्याला वाटतं पोरं खेळायला जमलीत, आणि जमलेली असतातच खेळायला. शनिवार बरा, शाळा बुडत नाही. प्रवासाचे पैसे हातात द्या, कारण 'क्लिनिकला जायला भाडं हवं' असं घरात सर्वांदेखत मागावं लागू नये.

आता एक नियम जो मोडायचाच नाही. ग्रुपमध्ये फक्त त्याच पोरांना घ्या ज्यांना आपलं स्टेटस, म्हणजे आपल्याला एचआयव्ही आहे हे, माहीत आहे. बरीच मुलं वर्षानुवर्षं गोळ्या घेतात आणि त्यांना सांगितलेलं असतं की ही टीबीची आहे, ही छातीची आहे, ही ताकदीची आहे. असं मूल चुकून तुमच्या खोलीत आलं आणि तिथं त्याला पहिल्यांदा कळलं तर तो विश्वास परत मिळत नाही, ना घरच्यांवरचा ना तुमच्यावरचा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की शाळेच्या वयातल्या मुलांना त्यांचं स्टेटस वयाप्रमाणे थोडं थोडं करून सांगावं, पण सांगणार कोण, तर ज्यांनी वाढवलं ते. आणि ते पुष्कळदा आईवडील नसतात, आजी असते.

आजीला वगळू नका

झुलू भाषेत गोगो, झिंबाब्वेतही गोगो म्हणतात, युगांडातल्या लुगांडा भाषेत जाजा, नैरोबीत शोशो. या बायकांनी पोटच्या पोरांना मातीत घातलंय आणि नातवंडं वाढवलीत, त्या स्टेटस लपवतात ते अज्ञानापोटी नाही, परत एकदा घरावर बोट उठेल या भीतीपोटी. त्यांच्याशी बोलताना पॅम्फ्लेट काढू नका. बसा, चहा घ्या, तिला तिच्या मुलाबद्दल विचारा, मग नातवाबद्दल. दोन-तीन भेटींनी तीच विचारते, सांगू का याला? मग नर्सच्या मदतीने कसं सांगायचं ते ठरवा.

हरारेच्या म्बारे भागात २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी १४ आज्यांना घेऊन 'फ्रेंडशिप बेंच' सुरू केला, क्लिनिकच्या आवारात एक लाकडी बाक आणि त्यावर ट्रेनिंग घेतलेली आजी, कोणीही यावं आणि मनातलं बोलावं. शोनात त्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. डिप्रेशन हा शब्द ज्याला परका वाटतो तोही कुफुंगिसिसा म्हटलं की मान डोलावतो. तुमच्या गावात असा बाक नसेल तरी अशी आजी असतेच, तिला शोधा.

गोळी आणि तिचा आवाज

तुम्ही कलंकावर कितीही बोला, पोराच्या आयुष्यात तो कलंक एका प्लॅस्टिकच्या बाटलीच्या रूपात असतो जी बॅगेत खुळखुळते. बोर्डिंग शाळांत तर फारच. पोरं बाटलीत कापूस कोंबतात, लेबल फाडतात, आणि शेवटी कंटाळून सोडूनच देतात. इथं तुम्ही खरी मदत करू शकता. बऱ्याच देशांत आता डोल्युटेग्राव्हिर हे औषध असलेली दिवसाला एकच गोळी मिळते, ती रोज एका ठरलेल्या वेळी घेतली की झालं, सकाळी घ्या नाहीतर रात्री, मग एकांत कधी मिळतो ते बघून वेळ ठरवता येते. अनेक ठिकाणी तीन-तीन महिन्यांचा साठा एकदम देतात, क्लिनिकला विचारा, म्हणजे दर महिन्याला शाळेतून गायब व्हायला नको. गोळ्या दुसऱ्या डबीत काढायच्या असतील तर आधी नर्सला विचारा, ओलाव्याने खराब होऊ शकतात. आणि शाळेत एकच माणूस, मेट्रन किंवा एक शिक्षक, पोराने स्वतः निवडलेला, त्याला सांगून ठेवा. दुसऱ्याला नाही.

याच जोडीला एक गोष्ट प्रत्येक पोराला पाठ व्हायला हवी, ती म्हणजे नीट गोळ्या घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, इतका खाली गेला की टेस्टमध्ये दिसतच नाही, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. होतच नाही, 'कमी होते' असं अर्धवट सांगू नका. हजारो जोडप्यांवर अभ्यास झालेत यावर. जो मुलगा स्वतःला चालताबोलता धोका समजत आलाय त्याला हे पहिल्यांदा नीट कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघा, मी बघितलाय. प्रत्येकाला आपला व्हायरल लोडचा आकडा माहीत असू दे, पण तो भिंतीवर तक्ता करून लावू नका, ज्याचा वाढला तो पुढच्या वेळी येत नाही.

खोलीत करायचं काय

लेक्चर नको, ते त्यांनी हजारदा ऐकलेत. तीन गोष्टी सांगते ज्या तिथल्याच मातीत तयार झाल्यात.

पहिली 'ट्री ऑफ लाइफ'. झिंबाब्वेत बुलावायोजवळच्या मासिये कॅम्पमध्ये एचआयव्हीमुळे आईबाप गमावलेल्या मुलांसाठी न्काझेलो न्क्युबे यांनी डेव्हिड डेनबरो यांच्यासोबत ही पद्धत बसवली. मुलाने एक झाड काढायचं. मुळांत लिहायचं मी कुठून आलो, माझं कूळ, माझी भाषा, मला गाणं कोणी शिकवलं. जमिनीवर माझा रोजचा दिवस. खोडात मला काय काय येतं. फांद्यांवर काय व्हावंसं वाटतं, पानांवर माझी माणसं, गेलेलीही चालतात. फळांत मला लोकांकडून काय मिळालं. मग सगळी झाडं भिंतीवर लावली की जंगल होतं, आणि त्यानंतरच, मुळं आणि पानं सगळी लिहून झाल्यावरच, वादळांबद्दल बोलायचं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपण पोरांना बसवतो आणि थेट विचारतो 'तुझ्या आयुष्यात काय वाईट झालं', मग ते मूल त्या वाईटात एकटं उभं राहतं. झाडापाशी उभं राहून वादळाबद्दल बोलणं निराळं असतं. घाई करू नका, एका शनिवारी फक्त मुळं झाली तरी चालेल.

दुसरी बॉडी मॅप. केपटाउनच्या खायेलित्शात २००२ च्या सुमारास एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांनी हे चित्रांतून केलं. माणसाएवढा मोठा कागद जमिनीवर पसरायचा, त्यावर आडवं पडायचं, मैत्रिणीने भोवती रेघ ओढायची. मग त्या आकारामागे दुसरा आकार, म्हणजे ज्या माणसाने मला धरून ठेवलंय त्याची सावली. आत रंग भरायचे, औषध कुठे जातं, व्हायरस कुठे, जखमेचा वण कुठला, ताकद कुठे आहे. ज्यांना बोलता येत नाही अशी पोरं यात तासभर रमतात. कागद सगळ्यांना दाखवायचा की गुंडाळून न्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं.

तिसरा फुटबॉल. २००२ मध्ये झिंबाब्वेत सुरू झालेल्या 'ग्रासरूट सॉकर' या संस्थेचा एक खेळ आहे, मैदानात प्लॅस्टिकचे शंकूसारखे कोन ठेवायचे, प्रत्येक कोन म्हणजे एक धोका, बॉल घेऊन मधून जायचं, कोनाला धक्का लागला की फक्त तुम्ही नाही, अख्ख्या टीमने पुशअप मारायचे. एकाच्या धोक्याची झळ सगळ्यांना कशी लागते हे दहा मिनिटांत कळतं. यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळी पोरं एकत्र खेळू शकतात, कोण कोण आहे हे कोणालाच कळत नाही, मला म्हणून हा सगळ्यात जास्त आवडतो.

कारभार पोरांच्या हाती

झ्वांदिरीची खरी ताकद 'कॅट्स' मध्ये आहे, १८ ते २४ वयाची पॉझिटिव्ह मुलंमुली, जी ट्रेनिंग घेऊन आपल्याहून लहान पोरांच्या घरी जातात, गोळ्यांची चौकशी करतात, गप्पा मारतात, सायकलवर फिरतात. बिंदुरा आणि शाम्वा जिल्ह्यांतल्या १६ क्लिनिकांत याचा नीट अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, आणि ज्यांना असा सोबती मिळाला त्यांचा व्हायरल लोड ताब्यात राहण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा स्पष्ट चांगलं होतं.

माझ्या त्या मुलीला परत आणलं ते अशाच एका सोबतीने. एकोणीस वर्षांची पोरगी, दर रविवारी तिच्याकडे जायची, केस विणून द्यायची आणि ग्रुपचं नावही काढायची नाही. दोन महिने नुसते केस.

म्हणून मोठ्या पोरांना जबाबदारी द्या, पण फुकट राबवू नका. मानधन, फोनचा रिचार्ज, प्रवास आणि त्यांना स्वतःला बोलायला कोणीतरी, एवढं तरी द्याच. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी क्लिनिकांतले असे तरुण कामगार सगळ्यात आधी घरी बसले. त्यामुळे ग्रुप एकाच देणगीदाराच्या पैशावर उभा करू नका, चर्चचा हॉल, क्लिनिकची खोली, शाळेचं मैदान, जे फुकट मिळतं त्यावर किमान भेटणं चालू राहील एवढी सोय पहिल्यापासून ठेवा.

बाहेर बोलायचंय? मग असं

एन्कोसी जॉन्सन सगळ्यांना माहीत असतो, ११ वर्षांचा मुलगा, जुलै २००० मध्ये डरबनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत मोठ्या कोटात उभा राहून म्हणाला की आमची काळजी घ्या, आम्हाला स्वीकारा, आम्ही सगळे माणसंच आहोत. पण त्याच्या तीन वर्षं आधीचं लोक विसरतात. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या एका शाळेने त्याला घ्यायला खळखळ केली तेव्हा त्याला वाढवणारी गेल जॉन्सन त्याच्यासाठी भांडली, आणि १९९९ मध्ये सरकारने शाळांत एचआयव्हीवरून भेदभाव चालणार नाही असं धोरणच काढलं. म्हणजे मोठ्यांनी आधी लढाई अंगावर घेतली, पोरगं नंतर बोललं. तो जून २००१ मध्ये गेला, १२ वर्षांचा होता.

आणि गुगु दलामिनी. डरबनजवळ क्वामाशूत राहायची, डिसेंबर १९९८ मध्ये तिने आपण पॉझिटिव्ह असल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि त्याच महिन्यात शेजारच्या लोकांनी तिला मारून टाकलं. औषधांसाठी लढणाऱ्या 'ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन' या तिथल्या संघटनेचे कार्यकर्ते त्यानंतर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असं ठळक छापलेले टीशर्ट घालू लागले, पॉझिटिव्ह असलेलेही आणि नसलेलेही. २००२ मध्ये खायेलित्शात नेल्सन मंडेलांनी तो घातला. यातून घ्यायचं ते हे, की एकट्याला पुढे करू नका, गर्दी पुढे करा. बोलणारी एक असेल तर तिच्या आजूबाजूला तेच टीशर्ट घातलेले वीस जण हवेत, त्यात शिक्षक हवेत, तुम्ही हवेत, मग बादली कोणाकोणाची वेगळी ठेवणार?

बोत्सवानात २००३ मध्ये पॉझिटिव्ह मुलींची सौंदर्यस्पर्धा झाली, 'मिस एचआयव्ही स्टिग्मा फ्री', युगांडात तरुणांच्या नेटवर्कने 'वाय प्लस' नावाने मुलामुलींची स्पर्धा सुरू केली. मुकुट घातलेली मुलगी गावात परत जाते तेव्हा लोकांना काय बोलावं सुचत नाही, आणि हे फार मोठं आहे.

प्रत्यक्षात मात्र पायऱ्या पाळा. आधी एका मित्राला सांगणं, मग घरात एकाला, मग ग्रुपच्या बाहेरच्या लहान गटात, आणि मग मोठ्या लोकांत. प्रत्येक पायरीआधी खोलीत तालीम करा, एकाने मुद्दाम वाईट प्रश्न विचारायचे. 'तू किती वर्षं जगणार?' 'तुझ्या आईने काय केलं म्हणून झालं?' हे येतातच. मला याचं उत्तर द्यायचं नाही असं म्हणायचीही तालीम करा. तिच्या बोलण्याने आईचं, भावाचं स्टेटसही उघडं पडतं, त्यांना विचारलंय का ते बघा. फेसबुक, टिकटॉकवर टाकायचं असेल तर लिहून ठेवा, दोन आठवडे थांबा, मग परत वाचा, तेव्हाही टाकावंसं वाटलं तर टाका, कारण पोस्ट डिलीट होते, स्क्रीनशॉट होत नाही. आणि त्या रात्री ती कुठे झोपणार, कोणासोबत, हे आधी ठरलेलं हवं. आम्ही तेवढंच ठरवलं नव्हतं.

कायदा थोडक्यात

देशादेशांत फरक आहे, म्हणून स्थानिक वकिलाला एकदा ग्रुपमध्ये बोलवाच. दक्षिण आफ्रिकेत १२ वर्षांपासून मूल स्वतःच्या संमतीने टेस्ट करू शकतं, आणि २००० च्या हॉफमन खटल्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की फक्त पॉझिटिव्ह आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही. केनियात २००६ च्या कायद्याखाली एचआयव्हीच्या तक्रारींसाठी वेगळं ट्रिब्युनल आहे, आणि शाळेतल्या पॉझिटिव्ह मुलांची नावं गोळा करायचा सरकारी आदेश तिथल्या हायकोर्टाने २०१६ मध्ये चुकीचा ठरवला, शाळेने यादी मागितली तर हे सांगता येतं. झिंबाब्वेने २०२२ मध्ये लागण पसरवण्याचा गुन्हा कायद्यातून काढला. युगांडात मात्र २०१४ चा कायदा जाणूनबुजून लागण करणं गुन्हा मानतो, तिथं पोरांना जोडीदाराबद्दलचं काहीही लिहून ठेवायला लावू नका, ना वहीत ना व्हॉट्सअॅपवर.

पहिला शनिवार

पाच जण आले तरी पुरेत, दोन आले तरी बसा. खुर्च्या गोलात, दार लावलेलं, खायला काहीतरी, आणि नावांची यादी नको, हजेरीला टोपणनाव चालेल. कोणाला बोलायचं नसेल तर बॉल घेऊन बाहेर जा. निघताना पुढच्या शनिवारची किल्ली त्यांच्यातल्याच कोणाकडे तरी द्या, आणि फोन पिशवीत ठेवा, त्या दिवशी एकही फोटो काढू नका.